गोळीबार पटला, बाई पटली नाही

ताई, कादंबरीचं नाव मी इथे घेत नाही. शेवट फोडल्याशिवाय मला बोलता येणार नाही, आणि तुमच्या गटातल्या दोघींची शंभरेक पानं अजून राहिलीत असं तुम्हीच लिहिलंय. त्या दोघींनी इथेच थांबावं.

बाकीच्यांसाठी गोष्ट थोडक्यात. मेक्सिकोच्या सरहद्दीवरचं गाव. बँकेत हिशेब तपासणारी चाळिशीची बाई. तिचा धाकटा भाऊ एका रात्री गायब होतो, पोलिस हात वर करतात. मग ती स्वतःच कार्टेलच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळीच्या, पैशांचा माग काढते, वेष बदलून त्यांच्या माणसांत शिरते, त्यांच्या हिशेबनिसाकडून बंदुकीच्या धाकावर कबुली रेकॉर्ड करून घेते, आणि शेवटच्या चाळीस पानांत गोदाम पेटवून म्होरक्याला गोळी घालते. तुमच्या लक्ष्मीनगरच्या वाचनगटात यावर दोन तास रण माजलं. बहुतेकींचं म्हणणं, "एकटी बाईमाणूस एवढं करूच शकत नाही, लेखकाने फेकलंय." छाप्याचे प्रसंग मात्र सगळ्यांना "डोळ्यांसमोर घडल्यासारखे" वाटले. एकीच्या मते शेवट गुंडाळलाय. कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "असंच पाहिजे, कोर्टात नाही तरी काय होतं?" आणि गटातल्या सगळ्यांत वयस्कर काकूंनी विचारलं, "हिच्या घरी स्वयंपाक कोण करतं?" त्यावर हशा पिकला आणि तुम्ही चहा घेतला.

मी नागपूरच्या सत्र न्यायालयात बावीस वर्षं अमली पदार्थांचे खटले चालवते आहे, सुरुवातीला सरकारी बाजूने आणि नंतर आरोपीच्या. म्हणून तुम्ही विचारलंत, की यातलं कोणाचं बरोबर, आणि अशी गोष्ट नागपुरात घडवली तर पटेल का.

माझ्या मते काकू सोडून बाकी सगळ्यांचं थोडं उलटं झालंय. जे तुम्हाला पटलं नाही ते घडलेलं आहे. जे सहज पटलं ते तसं घडत नाही.

आधी बाईचं. २००६ च्या डिसेंबरात अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मिचोआकान राज्यात लष्कर उतरवलं आणि मेक्सिकोत कार्टेलविरुद्ध उघड युद्ध सुरू झालं. त्यानंतर उत्तरेकडच्या काही गावांत पोलिसप्रमुखाच्या खुर्चीवर बसायला माणूस मिळेना. चिवावा राज्यातल्या प्राक्सेदिस गेरेरो या लहानशा गावात ऑक्टोबर २०१० मध्ये ती खुर्ची मारिसोल वायेस नावाच्या २० वर्षांच्या मुलीने घेतली. गुन्हेशास्त्राची विद्यार्थिनी, घरी तान्हं मूल. मी बंदूक बाळगणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. धमक्या यायला लागल्या आणि मार्च २०११ मध्ये ती घरच्यांना घेऊन अमेरिकेत निघून गेली. मिचोआकानमधल्याच तिकिचेओची महापौर मारिया सांतोस गोरोस्तिएता पेशाने डॉक्टर होती. २००९ च्या हल्ल्यात तिचा नवरा गेला, २०१० मध्ये तिच्यावर पुन्हा गोळ्या झाडल्या. अंगावरचे व्रण तिने स्वतः लोकांसमोर उघडे करून दाखवले आणि काम चालू ठेवलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिचा मृतदेह सापडला.

आणि तुमच्या कादंबरीतल्या बाईच्या सगळ्यांत जवळची म्हणजे सान फेर्नांदोची मिरियम रॉद्रिगेस. तिच्या मुलीला पळवून नेऊन मारलं. तिने केस कापले, रंगवले, कधी आरोग्य खात्याची बाई तर कधी सर्वेक्षणवाली बनून दारोदार फिरली. मारेकऱ्यांची नावं, नातेवाईक, राहण्याच्या जागा एकेक करून गोळा केल्या आणि पोलिसांपुढे ठेवल्या. एकाला तर सरहद्दीवरच्या पुलावर पिस्तूल रोखून पोलिस येईपर्यंत धरून ठेवलं. १० मे २०१७ ला, म्हणजे मेक्सिकोतल्या मातृदिनाच्याच दिवशी, तिला तिच्या घरापाशी गोळ्या घातल्या.

तेव्हा "बाई एवढं करूच शकत नाही" हे सोडून द्या. पण तुमच्या गटाला काहीतरी खटकलं हेही मी उडवून लावत नाही, कारण खटकण्याजोगं त्यात आहेच. या तिघींपैकी एक परागंदा झाली, दोघी मेल्या. कादंबरीतली बाई मात्र गोदाम पेटवून बाहेर पडते, आणि शेवटच्या पानावर समुद्रकाठी कॉफी पीत बसते. अंगावर ओरखडा नाही. वाचकाला खोटं लागलं ते इथे, आणि बोट ठेवलं गेलं बाईपणावर. पुरुष नायक असता तर "जरा फिल्मी आहे" एवढंच म्हणून तुम्ही पुढे गेला असता की नाही, हे एकदा प्रामाणिकपणे आठवून पाहा. मला हे बोचतं त्याला खाजगी कारणही आहे. मी पहिली एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची, फाइल उचलली तेव्हा बार रूममधल्या एका ज्येष्ठांनी मायेने सांगितलं होतं, "मॅडम, हे गुंडापुंडांचं काम आहे. तुम्ही फॅमिली कोर्ट पाहा." फॅमिली कोर्टात जास्त मारामाऱ्या होतात हे त्यांना ठाऊक नसावं.

आता नागपूर. आपल्याकडे मेक्सिकोसारखं कार्टेल नाही, म्हणजे स्वतःची फौज आणि स्वतःचा प्रदेश राखणारी, महापौरांनाही संपवणारी टोळी नाही. आपल्याकडे साखळी आहे. ओडिशा-आंध्रच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत, मलकानगिरी-कोरापुटच्या बाजूला गांजा पिकतो. तिथून तो रस्त्याने आणि रेल्वेने उत्तरेला आणि पश्चिमेला निघतो, आणि देशाच्या मध्यावर बसलेलं आपलं स्टेशन त्या वाटेत येतंच. पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांच्या जनरल डब्यात, सीटखाली, तपकिरी टेपने गच्च गुंडाळलेली पाकिटं घातलेली ट्रॉली बॅग असते. वास दबावा म्हणून आत कुठे डांबरगोळ्या, कुठे तिखट. रेल्वे सुरक्षा बलाचं कुत्रं डब्यात शिरलं की बॅगेचा धनी दुसऱ्या दाराने उतरतो आणि बॅग होते बेवारस. पेपरात दोन ओळींची बातमी येते, माल जप्त, आरोपी अज्ञात. गांजाच्या जोडीला आता एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पूड, आलंय, ते तर खिशात मावतं. ऑगस्ट २०२४ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने पाचपावलीत एमडी बनवण्याचा कारखानाच पकडला, तेव्हा माझ्या ओळखीच्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की हे बाहेरूनच येतं असं नाही.

या साखळीतल्या माणसाला फक्त पुढच्या एका माणसाचा फोन नंबर माहीत असतो, तोही दुसऱ्याच कुणाच्या नावावरचा. माझ्याकडे येणारा आरोपी म्हणजे बॅग वाहणारा, नाहीतर चौकात पुड्या विकणारा. मालक म्हणावा असा अशील बावीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकाच आला. बॅग वाहणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात. लेकरू कडेवर, डोक्यावर पदर, गाठोडं बाजूला, कोण विचारतं? पदरात मजुरीच्या काही पट पैसे, आणि सापडली तर दहा वर्षं. तुमच्या लेखकाला नागपुरातली बाई रंगवायची असती, तर ही रंगवायला जास्त अवघड गेली असती.

आणि आता ते छाप्याचे प्रसंग, जे तुम्हा सगळ्यांना एकमुखाने आवडले. दार लाथेने उघडणं, अंधारात टॉर्च, "हात वर!", तीन मिनिटांत खेळ खलास. मी ते पान वाचताना मनातल्या मनात आरोपीला निर्दोष सोडलं.

सांगते का. आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू. त्यात शिक्षा कडक म्हणून झडतीचे नियमही कडक. खबऱ्याने टीप दिली की अधिकाऱ्याने ती आधी कागदावर उतरवायची आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे पाठवायची. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरात घुसायचं तर वॉरंट हवं, किंवा वॉरंट आणेपर्यंत माल जाईल असं का वाटलं ते लिहून ठेवायला हवं. माणसाची अंगझडती घ्यायची तर त्याला आधी सांगावं लागतं, की बाबा, राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे. हातातल्या बॅगेच्या झडतीला हे लागत नाही, अंगावरच्या कपड्यांना लागतं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे ठणकावून सांगितलं, आणि त्यानंतर या एका कलमावर, कलम ५० वर, किती खटले कोसळले असतील कोण जाणे. मग रात्री दोन वाजता नायब तहसीलदारांना उठवायला जीप जाते. पंच शोधायचे, तेही दोन. रस्त्यावरचा माणूस पंच व्हायला तयार नसतो, पुढे दहा वर्षं कोर्टाचे खेटे कोण घालणार? म्हणून सरकारी कार्यालयांतून कर्मचारी मागवतात. छाप्याच्या पथकासोबत एक पिशवी असते. तिच्यात वजनकाटा, लाख, मेणबत्ती, दोरा, पितळी शिक्का, खाकी पाकिटं, तपासणीचं किट. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हापासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक झालंय. म्हणजे आता प्रत्येक छाप्यात एक शिपाई पूर्ण वेळ मोबाइल धरून उभा. यानंतर लिहिलेल्या कोणत्याही भारतीय थ्रिलरमध्ये तो दिसला नाही तर पुस्तक मिटून ठेवायला हरकत नाही.

हे सगळं कंटाळवाणं वाटतं ना? मग एक प्रसंग सांगते. तपशील थोडे बदललेत.

गांजाचा खटला. एक किलोपर्यंत अल्प मात्रा आणि शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा आणि कमीत कमी दहा वर्षं. मधलं असेल तर दहा वर्षांपर्यंत कितीही, न्यायाधीशांच्या मनावर. माझ्या अशिलाच्या पंचनाम्यात वजन होतं २१ किलो ३०० ग्रॅम. तेविशीतला पोरगा, चार वर्षं आत, कारण व्यापारी मात्रेत जामीन मागायचा तर तो दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे हे कोर्टाला आधीच पटावं लागतं. मुद्देमाल कोर्टात आला. पोतं उघडलं तेव्हा कुबट, भिजलेल्या कडब्यासारखा वास सुटला, शिरस्तेदारांनी नाकाला रुमाल लावला. वर पंखा गरगरत होता आणि वाळलेला पाला टेबलावरून उडायला लागला. न्यायाधीश म्हणाले, "अरे पंखा बंद करा, मुद्देमाल उडतोय." मे महिना, नागपूरचं कोर्ट, पंखा बंद. सगळे घामाघूम. मी साक्षीतल्या हवालदारांना विचारलं, वजनकाटा कुठला? स्टेशनजवळच्या किराणा दुकानातला. वैधमापनवाल्यांचा दाखला आहे? आठवत नाही. माल काट्यावर कसा ठेवला? ते क्षणभर थांबले. "बॅगेसकट, मॅडम."

ट्रॉली बॅग रिकामी करून तिथल्या तिथे वजन केली. २ किलो ८०० ग्रॅम.

कोर्टात कुणी "आ" केला नाही, संगीत वाजलं नाही. न्यायाधीशांनी मान वर न करता लिहून घेतलं. पण त्या एका बॅगेपायी पोरगा वीस किलोच्या खाली आला. सुटला नाही, शिक्षा झालीच. मात्र आत काढलेली वर्षं धरून पुढच्या वर्षी बाहेर आला. गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात, नुसती पानं आणि बिया येत नाहीत, हा मुद्दा तर मी काढलाच नव्हता. तो अपिलासाठी राखून ठेवला होता. (होळीला भांग चालते ती याच व्याख्येमुळे. दरवर्षी कोणीतरी विचारतंच.)

शेवट गुंडाळला म्हणणाऱ्या ताईंना एवढंच, की खरा शेवट छापायचा तर लेखकाला आणखी सहाशे पानं लागली असती आणि त्यातली पाचशे नव्वद पानं "पुढील तारीख" एवढीच.

त्या कॉलेजच्या मुलीशी मात्र मला थोडं जास्त बोलायचंय. "कोर्टात काय होतं" हे ती चिडून म्हणाली, आणि तिचा राग खोटा नाही. मीसुद्धा अशी माणसं सोडवली आहेत, जी त्या रात्री तिथे होती हे मला माहीत होतं. पण ती माझ्या हुशारीने सुटत नाहीत. नमुना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढायचा असतो, तो कुणीतरी ठाण्यातच काढून मोकळा होतो. लाखेचं सील कोणाच्या ताब्यात होतं ते लिहायचं राहतं. प्रयोगशाळेच्या अहवालातलं सील आणि पंचनाम्यातलं सील जुळत नाही. ४८ तासांत पाठवायचा अहवाल आठवडाभराने जातो. या सगळ्याचा फायदा घेणं माझं काम आहे आणि मी ते करते.

मुलीला नायिका का आवडली तेही मला कळतं. ती थांबत नाही, परवानगी मागत नाही. पण तिने केलेल्या दोन गोष्टी जरा नागपुरात आणून बघू. एक, हिशेबनिसाची रेकॉर्ड केलेली कबुली. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाहीच. या कायद्याखाली इतर खात्यांच्या अधिकाऱ्यांनी घेतलेला जबाबही कबुली म्हणून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. कानाला पिस्तूल लावून घेतलेला तर विचारूच नका. दोन, गोदाम पेटवणं. जप्त माल सरकारही जाळतं, पण आधी मोजून, फोटो काढून, यादीवर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही घेऊन, आणि मग समितीच्या देखरेखीखाली भट्टीत. नायिकेने पेटवलं ते गोदाम म्हणजे कार्टेलविरुद्धचा सगळा पुरावा होता. म्होरक्याला गोळी घातली नसती, तरी तो सुटलाच असता.

आणि एक गोष्ट त्या मुलीला नक्की सांगा. आपला कायदा मऊ नाही. माल तुझ्या ताब्यात सापडला की तुला ठाऊक होता असंच धरून चाललं जातं, तसं नव्हतं हे तू सिद्ध करायचं. नेहमीच्या मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन मिळतो, इथे व्यापारी मात्रेला १८० दिवस. एमडीची व्यापारी मात्रा ५० ग्रॅमपासून, म्हणजे एका वाटीतली साखर. एखाद्याने मित्राची बॅग "जरा पकड" म्हणून धरली आणि पुढे सहा महिने जेलमध्ये काढले, असे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांना गोळी घालणारी नायिका भेटली असती तर?

नागपुरात ही गोष्ट पटेल का? पटेल, फक्त बाई वेगळी लागेल. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतून सात-आठ वर्षांपूर्वी एक बाई माझ्या ऑफिसात आली. चार घरची धुणीभांडी करणारी. पायरीवरच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "वकीलबाई, माह्या पोराले सोडवाले नाही आली. त्याले कोन देते, ते सांगाले आली." पोरगा एकोणीस वर्षांचा, घरातली भांडी विकून झालेली. तिने तीन आठवडे पाणी भरायच्या वेळा बदलून नळावरून लक्ष ठेवलं होतं. कोणत्या वारी मोटरसायकल येते, कोण उतरतं, पुड्या कुठल्या टपरीच्या मागच्या डब्यात ठेवतात, सगळं तोंडपाठ. लिहिता येत नव्हतं. मी विचारलं, पोलिसांकडे का नाही गेलात? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तो प्रश्न पुन्हा कोणाला विचारला नाही. "मायं नाव कुठी येईन का?" एवढंच तिला हवं होतं.

नाव येत नाही. खबर कोणाकडून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, असं या कायद्यात कलम ६८ आहे. थ्रिलर लिहिणाऱ्या कोणालाच ते माहीत नसतं आणि सगळ्यांत मोठं नाट्य त्यातच आहे. ती खबर योग्य त्या माणसापर्यंत पोचली. पोराचं काय, तर व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालवत नाहीत, कलम ६४अ. अट ही की उपचार पुरा करायचा. त्याने पहिल्यांदा अर्धवट सोडला, दुसऱ्यांदा पुरा केला. हल्ली अशा आया मला फोन करतात तेव्हा मी आधी दोन नंबर देते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि विक्रीची खबर द्यायची असेल तर १९३३. तिच्या वेळी मात्र ती पायऱ्या चढूनच आली होती.

तिच्यावर लिहिलेली कादंबरी तुमच्या गटात कोणी "फेकलंय" म्हणून बाजूला ठेवली नसती असं मला वाटतं. किंवा ठेवलीही असती, कारण तिच्यात एकही गोळी सुटत नाही.

आता काकू. त्यांच्यावर हसलात ते मला आवडलं नाही. त्यांनीच एकटीने त्या बाईला माणूस समजून प्रश्न विचारला. भाऊ गायब झाल्यावर कार्टेलच्या मागे लागलेली बाई आठ महिने घरी जेवते काय, आईचं औषध कोण आणतं, बँकेत रजा कशी मिळते, यातलं एक अक्षर त्या चारशे पानांत नाही. मी आजवर पाहिलेल्या एकाही खटल्यातली बाई या प्रश्नातून सुटलेली नाही. ना आरोपी, ना साक्षीदार, ना पोलिस, ना मी.

कायदा म्हणतो, बाईची झडती बाईनेच घ्यायची. त्यामुळे रात्री दोनला छापा पडला आणि घरात बाई असली की महिला शिपायाला फोन जातो. अशाच एका खटल्यात मी आरोपी बाईची वकील होते. झडती घेणाऱ्या शिपायाची तोवर बदली झाली होती, ती गडचिरोलीहून पहाटेच्या एसटीने साक्षीला आली. सकाळी अकरापासून कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेली. दोनदा पुकारा झाला, दोनदा "दुपारनंतर". मी बाजूने गेले तेव्हा ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, आणि दप्तर आत घे, पाऊस आहे." साडेचारला ती पिंजऱ्यात उभी राहिली.

मला सिद्ध करायचं होतं की झडती घेताना खोलीत पुरुष होता. ते झालं असतं तर खटला तिथेच संपला असता. चाळीस मिनिटं मी तिला उलटंसुलटं विचारलं. किती वाजता पोचलात, खोलीला दारं किती, दिवा कुठे होता, पंच कुठे उभे होते, पुड्या आधी कोणी पाहिल्या. सहा वर्षांपूर्वीची रात्र. तिने वेळ सांगितली, दार सांगितलं, न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती म्हणून आतून बादली लावली ते सांगितलं. आरोपीचं लहान मूल रडत होतं, ते तिने आधी महिला पंचाकडे दिलं आणि मग झडती घेतली, हेही सांगितलं. पंचनाम्यात बादली नव्हती. मी ते धरलं. ती म्हणाली, "लिहिणारे साहेब दाराबाहेर होते मॅडम, त्यांना कशी दिसेल?"

अकरा पुड्या. माझ्या अशिलाला शिक्षा झाली. निकालात त्या बादलीचा उल्लेख आहे.